सांगावा नेताना बसायचं नसतं

इनासकाका सायकलवर बसून आळीत शिरले, तर कुणी मान वर करूनही बघत नसे. पण तेच सायकल हातात धरून, तिच्या बाजूने चालत येताना दिसले, की बायका हातातलं काम खाली ठेवायच्या, पुरुष बनियनवर सदरा चढवायचे आणि कुणीतरी टीव्हीचा आवाज बंद करायचं. भुईगावात कुणीतरी गेलं, हे तेवढ्यावरून कळायचं. कोण गेलं, ते काका सांगायचे.

आमच्या कॅथलिक आळीत मयताचा सांगावा घरोघर न्यायची जुनी रीत. चर्चची घंटा वाजते, पण घंटेला नाव सांगता येत नाही. ते काम काकांनी तरुणपणीच आपणहून अंगावर घेतलं होतं. पांढरा सदरा, पायजमा, पायांत काही नाही. वाटेत कुठे टेकायचं नाही आणि शेवटचं घर होईपर्यंत पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, हा त्यांचा नेम. बायका तांब्या पुढे करायच्या, तर हे हात जोडून म्हणायचे, "सांगावा नेताना बसायचं नसतं, पानी प्यायचं नसतं." का, ते मात्र सांगायचे नाहीत.

'मेला' किंवा 'वारला' हा शब्द त्यांच्या तोंडी कधी आला नाही. "सेव्हरीनदादा पोचले," असं म्हणायचे, जणू दादा दुपारच्या एसटीने सुखरूप गावी गेले. आणि मग त्यांचा तो प्रश्न, जो त्यांच्याआधी कुणी विचारत नव्हतं: "तुमचं त्याच्याशी काय राहिलंय काय?" बहुतेक लोक म्हणायचे, काही नाही राहिलं. काका मान हलवून पुढच्या घरी. मग मयत उचलायच्या आधी, पेटीचं झाकण लावायच्या जरा आधी, ते वाकून मेलेल्या माणसाच्या कानात काहीतरी पुटपुटायचे. कुठल्या कुठल्या घरातून काही राहिलं नाही, याची ती यादी असे.

सेव्हरीनदादांच्या वेळची गोष्ट तर अजून आळीत सांगतात. काकांनी प्रश्न विचारला आणि मार्थाआजी ओट्यावरून म्हणाली, राहिलंय. वीस वर्षांपूर्वी सेव्हरीनने हद्दीवरचा तिचा फणस तोडला होता. मग तिने त्या फणसाचे गरे, त्याची सावली, त्याखाली बांधलेला झोपाळा असं सगळं पहिल्यापासून सांगितलं. काका अर्धा तास उन्हात सायकल धरून ऐकत राहिले. म्हातारी शेवटी दमली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "जा, सांग त्याला. फणस सोडला मी." काकांनी ते तसंच्या तसं जाऊन सेव्हरीनदादांच्या कानात सांगितलं.

हे आमच्या तेव्हाच्या नव्या फादरांच्या कानावर गेलं. त्यांनी काकांना बोलावून समजावलं, की पापांची क्षमा देवाकडून मिळते, त्यासाठी पापनिवेदन आहे, मरणाआधी तेल लावून करायचं अखेरचं तैलाभ्यंग आहे. मेलेल्याच्या कानात सांगून काय होणार? काकांनी सगळं आदराने ऐकून घेतलं आणि म्हणाले, "फादर, देवाचं ते तुमी बगा. मी नुसतं फनसाचं बगतो." फादर हसले. त्यानंतर पेटीचं झाकण लावायची खूण ते काकांकडे बघूनच करू लागले.

काकांचा यामागे एक विचार होता, आणि तो त्यांनी कुठल्या पुस्तकातून घेतलेला नव्हता. "जितली गाठ तितंच सोडायची. वर जाताना बोटं मातीतच राहतात, मग गाठ सोडनार कशानं?" असं ते म्हणायचे. मी चौथीत असताना धर्मशिक्षणाच्या वर्गात सिस्टरनी नरकाच्या आगीचं असं काही वर्णन केलं, की मला दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी काका सायकलवर बसून, म्हणजे साध्या कामाला चालले होते. मी त्यांना फाटकाशी अडवलं आणि नरकात कोण कोण जातं ते विचारलं. त्यांनी सायकल थांबवून नीट विचार केला.

"नरक हाय," ते म्हणाले. "सिस्टर खोटं कशाला सांगेल? पन बाय, मी एवढे सांगावे नेले, त्यात नरकात पोचल्याचा सांगावा माज्याकडं एकपन आला नाय."

त्या दिवशी मी दोन वेळचं एकदम जेवले. मग धीर चेपला, आणि आणखी एक दिवस मी त्यांना विचारलं, की काका, तुम्ही सगळ्यांच्या ओट्यापर्यंत जाता, आमच्याच घरी फाटकाबाहेर का उभे राहता? ते हसून म्हणाले, "माजं शुद्धीस्थान तुमच्या फाटकाशी हाय. सर्गात शिरायच्या आदी थांबायचं ते शुद्धीस्थान. तितं दुसरं काय असतं? आतला दिवा दिसतो, जेवनाचा वास येतो, आनि आत ये असं कोनी म्हनेपर्यंत बाहेर उभं राहायचं असतं."

मला काही कळलं नाही. आईला विचारलं तेव्हा तिने दार लोटून घेऊन सांगितलं.

बाबा आणि इनासकाका एका बाकावरचे. बाबा मुंबईला छापखान्यात होते, आठवडाभर तिथेच खोलीवर राहायचे आणि शनिवारी घरी यायचे. मी पाळण्यात असताना एका बुधवारी आजी अचानक गेली. तेव्हा कुणाकडे फोन नव्हता आणि मयत दुसऱ्या दिवसापलीकडे ठेवता येत नसे. बाबांना आणायला त्यांचा जिवलग म्हणून इनासकाकांनाच पाठवलं. स्टेशनच्या वाटेवर, काका वाजवायचे त्या बँडमधले सोबती ताडी घेत बसले होते. काकांना मित्राच्या आईसाठी रडू येत होतं. एक पेला घेऊन निघू, म्हणून ते बसले. जाग आली तेव्हा दुसऱ्या दिवसाचं ऊन अंगावर आलं होतं आणि इकडे लोक बाबांची वाट बघून बघून आजीला घेऊन निघाले होते. शनिवारी बाबा खिशात आजीचा नवा चष्मा घेऊन घरी आले, तर अंगणात लोक प्रार्थनेला बसलेले.

बाबा भांडले नाहीत, आरडाओरडा केला नाही. ते नुसते इनासकाकांशी बोलायचे थांबले. काकांनी ताडी सोडली आणि सांगावे न्यायला सुरुवात केली. आमच्या फाटकाशी ते प्रत्येक मयताला आले. बाबा ओट्यावरून ऐकायचे, मेलेल्या माणसाबद्दल "काय नाय राहिलं" एवढं हवेत म्हणायचे आणि आत जायचे. चर्चमध्ये दर रविवारी प्रभूच्या प्रार्थनेतलं 'जसे आम्हीही क्षमा करतो' म्हणताना बाबांचा आवाज पहिल्या बाकापर्यंत ऐकू येई. मला त्यांचा राग यायचा. आई गेली तेव्हाही काका आमच्यासाठी भुईगावभर अनवाणी फिरले, पण अंगणात आले नाहीत. आईच्या कानात सांगायचं ते त्यांनी चर्चच्या दारात सांगितलं. तेव्हाही बाबांनी त्यांना आत ये म्हटलं नाही.

आई गेल्यावर बाबा एकटे पडले, म्हणून मी पापडीचं सासर सोडून नवरा-मुलांसकट इथे राहायला आले. मी आचोळ्याला शाळेत शिकवते. एव्हाना गावाचा मोबाइलवर ग्रुप झाला होता आणि मयताची बातमी फोटो आणि फुलांसकट पाच मिनिटांत सगळीकडे जायची. तरी काकांची फेरी चालूच होती. तरुण मुलं म्हणायची, काका, ग्रुपवर आलंय. काका म्हणायचे, "ग्रुपवर कळतं रे. पन काय राहिलंय काय, ते ग्रुप विचारतो काय?"

गेल्या वर्षी काकांच्या छातीत पाणी झालं आणि त्यांना दवाखान्यात ठेवलं. रविवारी सकाळी कुणीतरी ग्रुपवर त्यांच्यासाठी प्रार्थना करा असं लिहिलं. दुसऱ्याने ते नीट न वाचता चिरशांतीचा मेसेज टाकला, आणि मग काय, हात जोडलेले, मेणबत्त्या, फुलं यांची रांग लागली. बाबा न्याहारीला बसले होते. मी त्यांना वाचून दाखवलं.

बाबांनी हातातली भाकरी ताटात ठेवली. "सांगायला कोन येनार?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आता कोण येणार, बाबा. ते उठले, ओट्यावरून उतरले, फाटकाशी जाऊन उभे राहिले आणि आळीच्या टोकाकडे बघत राहिले. सायकल हातात धरून येणारं कुणी नव्हतं. बऱ्याच वेळाने, मी मागे उभी आहे हे ठाऊक असल्यासारखं, पण माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "माजं राहिलंय." ऐंशीच्या घरातला माझा बाप तिथे गज धरून रडला, आणि इतकी वर्षं त्यांच्यावर धरलेला माझा राग कुठल्या कुठे गेला.

तेवढ्यात फोन वाजला. काकांच्या मुलीने, व्हेरोनिकाने, ग्रुपवर लिहिलं होतं: माझे बाबा जिवंत आहेत, चहा पीत आहेत, कृपा करून फुलं काढा.

मी ते वाचून दाखवल्यावर बाबांनी न्याहारीसुद्धा पुरी केली नाही. पांढरा सदरा चढवला आणि रिक्षा आणायला सांगितली. दवाखान्यात काका नाकात नळी घालून उशीला टेकून बसले होते. हातात चहाचा कप होता. व्हेरोनिकाने खुर्ची पुढे केली.

"बस ना, जुजे," काका बाबांना म्हणाले.

"बसनार नाय," बाबा म्हणाले. "सांगावा आनलाय."

काकांनी कप खाली ठेवला.

"माज्याकडून काय राहिलं नाय, इनास."

काकांनी हळूच विचारलं, "आनि तुज्या आयचं?"

"तिचं मी कसं सांगू? तुला भेटेल तेवा तिलाच विचार."

"दर नोव्हेंबरात तिच्या मातीवर मेनबत्ती लावून विचारतो मी. ती बोलत नाय," काका म्हणाले. "तू बोललास." मग त्यांनी डोळे पुसले आणि मूळ स्वभावावर आले. "पन एवढी वर्षं लावलीस, जुजे. मी पोचल्याचं ऐकल्याशिवाय तुला सुचेना."

तेव्हा कुठे बाबा त्या खुर्चीवर बसले.

काका बरे होऊन घरी आले आणि पुढचे आठ महिने रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर होते. पहिल्या दिवशी त्यांनी फाटकाची कडी स्वतः काढली, आत पाऊल टाकलं आणि उगाचच मागे वळून बघितलं. मी चहा दिला. एक घोट घेऊन ते म्हणाले, "साखर कमी हाय. याच्यासाठी मी एवढी वर्षं बाहेर उभा होतो काय?" मग दोघं छापखान्यापासून शाळेतल्या छडीपर्यंत सगळं बोलत बसायचे, नाहीतर काही न बोलता केळीच्या वाडीकडे बघत बसायचे. मरणाबद्दल काका बोलायचे ते उद्याच्या बाजाराबद्दल बोलावं तसं. "न्याय होनार तो होऊ दे," म्हणायचे. "माजी सगळी बोटं मोकळी हायत." इतका समाधानी म्हातारा मी दुसरा बघितलेला नाही.

पाऊस सरता सरता, एका पहाटे ते झोपेतच गेले. ग्रुपवर या वेळी बातमी खरी होती. बाबांनी आंघोळ केली, पांढरा सदरा घातला, वहाणा ओट्यावर ठेवल्या आणि काकांच्या घरी जाऊन व्हेरोनिकाकडे सायकल मागितली. मी म्हटलं, बाबा, तुम्हाला चालवणार नाही. ते म्हणाले, "चालवायची कुटं हाय? नुसती धरायची." मी छत्री आणि पाण्याची बाटली घेऊन मागोमाग गेले. बाटली त्यांनी एकदाही घेतली नाही.

प्रत्येक ओट्याशी उभं राहून ते म्हणाले, "इनास पोचला. तुमचं त्याच्याशी काय राहिलंय काय?" लोक बाहेर यायचे, बाबांना त्या सायकलीबरोबर बघायचे आणि हात जोडायचे. मार्थाआजीच्या नातसुनेने सांगितलं, आजी असती तर म्हणाली असती, त्याने माझा फणस ऐकून घेतला.

शेवटचं घर आमचं. माझ्या लक्षात आलं आणि मी पुढे होऊन आत गेले, ओट्यावर उभी राहिले. बाबा फाटकाबाहेर थांबले, काका थांबायचे तिथेच, सायकलीच्या दांडीवर हात ठेवून. घामाने सदरा पाठीला चिकटला होता.

"इनास पोचला," ते मला म्हणाले. "तुज्या घरात त्याच्याशी काय राहिलंय काय?"

"काही नाही राहिलं," मी म्हटलं. "आत या, बाबा."

त्यांनी सायकल फाटकाला टेकवली, आत आले, ओट्यावर बसले आणि मग माझ्याकडे पाणी मागितलं.