मॉरीन हार्करचा आवाज

"आई, डोळे मीट," म्हणत चिन्मयने स्पीकर सुरू केला. कुमुदताईंच्या पंचाहत्तरीला राजधानीतल्या द्वारका भागातल्या फ्लॅटमध्ये शेजारीपाजारी जमले होते. "लहानपणी रेडिओवर ही इंग्रज गायिका लागली की आमच्या घरी फुल्ल व्हॉल्यूम! मॉरीन हार्कर. आई एकदम फॅन होती तिची."

गाण्याची पहिली ओळ आली आणि कुमुदताईंच्या हातातली बशी खाली पडली.

व्हॉल्यूम त्या वाढवत नसत. त्यांचे यजमान श्यामकांत वाढवायचे. सरकारी क्वार्टरच्या भिंती पातळ, बायकोचं ओरडणं पलीकडे जायला नको. ऑफिसातून आले की ते चिन्मयला खेळायला पिटाळत. त्या वेळी रेडिओवर इंग्रजी गाणी असत, त्यांत हार्करचं हमखास. आवाज वाढवायचा आणि पट्टा काढायचा. एकदा आमटी खारट झाली म्हणून त्यांनी केस धरून कुमुदताईंचं डोकं ओट्यावर आपटलं. एकदा उलट बोलल्या म्हणून अशी थोबाडीत मारली की डाव्या कानातून रक्त आलं, आणि तो कान कायमचा गेला. हार्कर गोड आवाजात गातच होती. ही बाई आता थांबावी, कुणाला तरी आपलं ऐकू जावं, एवढंच त्यांना फरशीवर पडल्या पडल्या वाटायचं.

आज सोफ्यावर बसून श्यामकांत बोटांनी ताल धरत होते.

कुमुदताई स्वयंपाकघरातून खलबत्त्यातला लोखंडी बत्ता घेऊन आल्या आणि स्पीकरवर घालत राहिल्या, त्याचे तुकडे होईपर्यंत.

"वेड लागलंय हिला!" श्यामकांत ओरडले, आणि त्यांनी काठी उगारली. जुनीच सवय. कुमुदताईंनी बत्ता त्यांच्या मनगटावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

"आई! काय केलंस हे?"

"व्हॉल्यूम कोण वाढवायचं आणि कशासाठी, ते विचार तुझ्या बाबांना."

"तेव्हा सगळ्यांच्याच घरी मारायचे," श्यामकांत कण्हत म्हणाले.

चिन्मयने वडिलांची कॉलर धरली, मूठ वर नेली. कुमुदताई मध्ये शिरल्या. "सोड त्यांना. चेतना बघतेय. तिला तुझी भीती वाटायला नको."

दाराशी उभ्या असलेल्या बायकोकडे चिन्मयने पाहिलं आणि हात खाली घेतला.

तो वडिलांना हॉस्पिटलमध्ये घेऊन गेला. चेतना फुटलेल्या बशीच्या काचा गोळा करू लागली. "आई, आधी का नाही सांगितलंत?"

"कुणी विचारलंच नाही. त्या गाणाऱ्या बाईचा काही दोष नाही गं. गाते चांगलं."

दुसऱ्या दिवशी त्या फरीदाबादला धाकट्या बहिणीकडे, प्रभाकडे, राहायला गेल्या. प्लास्टर निघाल्यावर श्यामकांतांनी चिन्मयच्या फोनवरून परत ये म्हणून सांगितलं.

"जेवण वेळेवर मिळतंय ना?" एवढं विचारून कुमुदताईंनी फोन ठेवला. त्या गेल्या नाहीत.