बोक्याची पसंती

माझ्यासाठी स्थळं बघायला सुरुवात झाली, तेव्हा आमच्या घरात सगळ्यांत जास्त भाव खाल्ला तो बोक्याने. पंचवटीतल्या आमच्या दोन खोल्यांत पाहुणे टेकले, की आई मुद्दाम त्याला आत सोडायची. पोह्यांच्या बश्या आल्या, की हमखास तिच्या हातून चमचा पडायचा. "अगं बाई!" म्हणत ती टीपॉयखाली वाकायची आणि चांगली घटकाभर तिथेच राहायची. तिच्या हातांना कंप सुटलाय, अशी बातमी गल्लीभर झाली होती.

पहिल्या मुलाच्या मांडीवर बोका चढला. बिचारा अकरा वेळा शिंकला, पोहे उडाले, तरी "असू दे, असू दे" म्हणत बसून राहिला. बाबांनी निकाल दिला, "शेंबडा आहे."

दुसरा सातपूरच्या कंपनीत, गोडबोल्या, दिसायला छान. खोटं कशाला बोलू, मी मनातल्या मनात शालूचा रंगही ठरवला होता. चमचा पडला, आई वाकली, आणि बोका किंचाळत माझ्या डोक्यावरून थेट फ्रिजवर! मुलगा हसतच होता.

पाहुणे गेल्यावर आई म्हणाली, "टाचेखाली शेपटी दाबून धरली होती त्याने. वर तुमच्याशी हसत बोलत होता. नकार कळवा."

बाबा भडकले. "मांजरापायी सोन्यासारखं स्थळ घालवू? चुकून पडला असेल पाय!" मीही त्यांचीच री ओढली. मेली शालूची हौस, दुसरं काय!

तेवढ्यात स्वयंपाकघरातून मावशी बाहेर आली. आईची ही धाकटी बहीण, नवऱ्याचं घर सोडून आमच्याकडे आलेली. तिचा डावा हात अजून खांद्याच्या वर जात नाही. बाबांसमोर ती कधी तोंड उघडत नसे.

"दाजी, हे मला बघायला आले होते, तेव्हा दारातल्या कुत्र्याला त्यांनी लाथ घातली. ते केकाटत पळालं, तर सगळे हसले. तुम्हीसुद्धा."

बाबांनी उठून मुलाकडे फोन लावला. "त्याचं काय आहे, आमच्या बोक्याला मुलगा पसंत नाही... हो, हो, वेडेच आहोत आम्ही."

शिंकणाऱ्याला त्यांनीच परत बोलावलं. तो गोळी घेऊन आला, तरी शिंकला. या खेपेला चमचा बाबांच्या हातून पडला. गुडघे धरत ते टीपॉयखाली वाकले आणि बराच वेळ वर आले नाहीत.