पोपटाची हजेरी

सप्तापूरला आमच्या शेजारी एक निवृत्त मास्तर राहतात. त्यांनी आयुष्यातला पहिला पोपट आणला आणि दुसऱ्याच दिवसापासून त्याची हजेरी घ्यायला लागले. रोज अकराला पिंजऱ्यासमोर ताठ उभं राहून पुकारायचं, "पोपट!" तो मिरची खात गप्प. मग मास्तरच बारीक आवाजात "हजर, सर" म्हणत आणि वहीत खूण करत.

परवा पिंजरा माझ्याकडे ठेवून ते बेळगावला लग्नाला गेले. ठीक अकराला फोन आला.

"अक्का, फोन त्याच्याजवळ धरा जरा. पोपट!"

मेला ढिम्म. गैरहजेरी लागेल म्हणून जीव माझा कासावीस! शेवटी मीच आवाज बारीक करून म्हटलं, "हजर, सर."

मग मास्तर काळजीने म्हणाले, "अक्का, त्याचा घसा बसलाय. आज मिरची देऊ नका."