शेवंतीची शिकवण

पार्सेची शेवंती पेडण्यातल्या एका लहानशा खाजगी इस्पितळात एकवीस वर्षं आया. नवरा गेल्यापासून ते इस्पितळच तिचं जग. तोंडानं फटकळ, पण हात मायेचा. सिझेरियनच्या बाईला भुलीची सुई पाठीत देताना वाकवून धरायचं काम तिचंच. सुई नीट लागू झाली नाही तर दुसऱ्यांदा टोचतात, आणि तेव्हा बायका कशा कळवळतात ते तिच्याइतकं कुणी पाहिलेलं? म्हणून ती वॉर्डातच प्रत्येकीला हळूच सांगून ठेवायची, "बाये, सुई जाली की मागीर दोतोर विचारतलो, थंड लागता? चिमटो कळता? ना म्हण. नाय तर परत सुई." दयाच ती. पण अर्धवट शहाणपण जिवावर बेततं, ते हे असं.

त्या मंगळवारी इब्रामपूरची गौरवी टेबलावर होती. पहिलटकरीण, जेमतेम तेवीसची. भुलीचे डॉक्टर यशवंत यांनी अंग बधिर झालंय का ते पाहायला पोटावर बर्फ फिरवला, चिमटा काढून पाहिला. दर वेळी गौरवी म्हणाली, "ना." मग सर्जनबाईंची सुरी चालली. उशाशी उभ्या असलेल्या शेवंतीचं मनगट गौरवीनं असं आवळलं की नखं रुतली.

"कळता गो तुका?" शेवंतीनं कानाशी विचारलं.

"सगळां," गौरवी कशीबशी म्हणाली.

शेवंतीनं यशवंतांकडे पाहिलं. बोलावं तर आपलंच पाप उघडं पडणार, या वयात दुसरीकडे कोण ठेवून घेणार? पण गप्प राहावं तर ही पोर जिवंतपणी कापली जाणार.

"दोतोर, थांबा. हिला कळतंय."

"तपासलंय मी. ओढल्यासारखं वाटत असेल," यशवंत म्हणाले.

"नाय हो. ना म्हणायला मीच शिकवलंय तिला."

सर्जनबाईंचा हात जागच्या जागी थांबला. यशवंतांनी भराभर औषध दिलं, गौरवी झोपली, घशात श्वासाची नळी गेली. मग मुलगी बाहेर आली. जरा उशिरानं रडली, पण रडली.

नंतर हात धुताना यशवंतांनी विचारलं, "शेवंती, किती जणींना सांगितलंस हे?" ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

टेबलावर मुकाट पडलेल्या एकेक बाया तिला आठवत होत्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायचं, आणि ती कापसानं ते पुसत म्हणायची, "रड गो, आनंदाचे अश्रू ते."