चारही ठोके

माणसाचं तोंडही न बघता नुसत्या पायांवरून त्याचा स्वभाव, खानदान आणि भविष्य सांगणारा माणूस साऱ्या खानदेशात एकच आहे, आणि तो नेमका माझा मामेसासरा निघाला. मी मुलगी पाहायला रावेरला गेलो, तेव्हा माझं शिक्षण कुणी विचारायच्या आत या मामांनी मला ओट्यापासून गोठ्यापर्यंत दोनदा चालवलं. मग खाली बसून माझा घोटा चाचपला आणि आत सांगितलं, "चालीत खोट नाही. द्या पोरगी." माझं लग्न घोट्यावर जमलं आहे.

त्यांचाही दोष नाही. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी पुण्याकडच्या एका स्टड फार्मवर घोडे सांभाळण्यात घालवली. नोकरी सोडायच्या आदल्या महिन्यात तिथे एक घोडी जन्मली. तिला उभंच राहता येईना. मामांनी तिला दिवसभर काखेत धरून उभी केली, आणि मग गावी येऊन केळीच्या बागेत रमले. रमले असं आपण म्हणायचं. घोडीचं कागदावरचं नाव लांबलचक इंग्रजी, पण मामांची ती सोनी. यंदाच्या मोसमात सोनीने मुंबईत मोठमोठ्या शर्यती ओळीने मारल्या. शर्यतीच्या दिवशी मी जळगावहून रावेरला हजर, केळीची कापणी बंद, मामा उपाशी, मोबाइल माझ्या हातात आणि मामा त्याच्याकडे पाठ करून बसलेले. शर्यत संपली की दिल्लीला गेलेल्या केळीच्या ट्रकबद्दल विचारावं तसं विचारायचे, "पोचली का धड?" पहिली आली म्हटलं की चिडायचे. "नंबर मालकाले सांगा, जावईबापू. मले पाय सांगा."

मोसमातली शेवटची, सगळ्यात मोठी शर्यत सोनीने मानेच्या अंतराने जिंकली. मी ओरडणार, तोच जॉकीने घाईने खाली उडी मारली, सोनीने पुढचा पाय उचलून धरला आणि नेट गेलं. चित्र तिथेच अडकलं.

"पोचली का धड?"

मला खोटं बोलवेना, मी मोबाइल त्यांच्यापुढे धरला. मामा पहिल्यांदाच वळले आणि त्या थिजलेल्या चित्राकडे बघत राहिले. "पाय मोडलेल्या घोडीचं काय करतात, मले म्हाईत हाये," एवढंच म्हणाले. फार्मवरच्या, आता सोनीबरोबर मुंबईत असलेल्या जुन्या सोबत्याचा फोन लागायला तास गेला. तसा तास वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

"नाल निसटला होता भाऊ, बाकी ठीक आहे," सोबती म्हणाला. मामांना तेवढ्याने भागेना. "तू बोलू नको. फोन खाली धर आनि चालव तिले."

फरशीवर टापा वाजू लागल्या. मामांनी डोळे मिटले. मीही मिटले.

"चारही ठोके सारखे," ते म्हणाले. मग त्यांनी भरीत मागवलं आणि तीन भाकऱ्या खाल्ल्या. मला इतकं हलकं माझ्या लग्नातही वाटलं नव्हतं.

सोनी आता शर्यतीतून निवृत्त झाली आहे. मी जळगावला निघालो की मामा फाटकापर्यंत सोडायला येतात. हल्ली त्यांचा डावा पाय जरा घासतो. मी त्यांच्या पुढे चालतो, मागे वळून बघत नाही, फक्त ऐकत राहतो.