बाळंतिणीच्या खोलीतला बाजार

बाळंतपणाला मी माहेरी, कसबा बावड्याला आले होते. लेक गोड होती, पण छातीला धरली की जरासे ओठ हलवायची आणि मान फिरवायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, वजन असंच उतरत राहिलं तर वरचं दूध सुरू करावं लागेल. मला ते नको होतं. का, ते धड सांगता आलं नसतं. माझ्या पोरीला माझ्याकडूनच मिळावं, एवढाच हट्ट होता.

आमच्या गल्लीत हट्ट एकटीनं करायची सोय नाही. बाळंतीण बघायला आलेल्या बायका चहा पिऊन जात नसत, पलंगाभोवती बसून निकालाची वाट बघत. आईनं अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू यांचा मारा चालवला होता. पोट माझं भरत होतं आणि पोरगी उपाशी. आत्ती, म्हणजे वडिलांची थोरली बहीण, पोरीचं डोकं माझ्या छातीवर दाबून धरायची. गुदमरलेली पोरगी लाल होऊन मागं सरली की जमलेल्यांना सांगायची, "दूदच उतरंना म्हटल्यावर प्वार तरी काय वडंल?"

वडील या खोलीत पाऊल टाकत नसत. त्या दिवशी ते म्हशींच्या धारा काढून आले, दाराबाहेरच थांबले आणि आत ऐकू जाईल असं म्हणाले, "म्हस सुदीक एवढा बाजार बघून पान्हा चोरती की. उठा समद्या."

बायका हसल्या, उठल्या मात्र नाहीत. मला आधी वडिलांचाच राग आला. एवढं शिकवलं आणि शेवटी गोठ्यात नेऊन बांधलं. तेवढ्यात आत्तीचा हात पुन्हा पोरीच्या डोक्याकडं आला आणि सगळा राग तिकडं वळला.

"भाईर व्हा समद्या. आत्ती, तू बी."

मी एवढ्या जोरात ओरडले की पोरगी दचकली आणि रडायला तिनं भलामोठा आ केला. इतके दिवस तिचं तोंड कसंबसं चिमटीएवढं उघडत होतं. मी विचार न करता तिला जवळ ओढलं. रडणं तोंडातच राहिलं. तिनं पकडलं, ओढलं, जराशी थांबली, आणि घोट गिळल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. आता रडू मला फुटलं. इतकी भीती मनात साठली होती, हे तेव्हा कळलं.

खोली कधी रिकामी झाली ते समजलंच नाही. दाराआडून आत्ती बायकांना सांगत होती, "बगा, माझ्या हाताला गुण हाय का न्हाय?" मग मला विचारलं, "येऊ काय आत?"

"न्हाय," मी म्हणाले. पोरगी पीत होती.