आक्काचे पाच सेकंद

मला आक्काचा हेवा वाटायचा, आणि तो अगदी लहानपणापासून वाटायचा, हे आधीच सांगून टाकतो. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. पोळ्याला आम्ही दोघं तेरणेच्या काठची काळी माती आणून बैल करायचो. तिचा बैल चार पायांवर उभा राहायचा, माझा भिंतीला टेकवून ठेवावा लागायचा. शेजारच्या बाया तिचा बैल हातात घेऊन म्हणायच्या, "ह्यो आता हंबरतोय बग." मग माझ्याकडं वळून म्हणायच्या, "तू आपला अभ्यास कर, बाबा."

मी अभ्यास केला. आक्काची शाळा चौथीत सुटली. घरात कामाला हात कमी होते आणि शिकायला एकच जण परवडणार होता. तो मी झालो. शिकत शिकत पुण्याला पोचलो आणि सिनेमा शिकवणाऱ्या संस्थेत दाखल झालो. तिथं मी जे शिकलो त्याला ॲनिमेशन म्हणतात हे आमच्या तेर गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. निदान इथं तरी आक्का माझ्या पुढं जाणार नाही, असं मनात येऊन मला बरं वाटलं होतं. खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या वर्षी प्रत्येकानं आपल्या मनानं एक छोटी फिल्म करून आणायची होती. ते साल बहात्तरच्या दुष्काळाचं. वर्गातली मुलं कोऱ्या फिल्मवर सुईनं ओरखडे काढत होती, शाईचे थेंब टाकत होती. मी ठरवलं, आपण मातीचा बैल चालवायचा. कोरड्या विहिरीपासून घरापर्यंत चालत येणारा बैल, एवढीच गोष्ट. संस्थेचा कॅमेरा ट्रंकेत घालून मी तेरला आलो आणि अंगणात पाट मांडून त्यावर बैल उभा केला. आत तारेचा सांगाडा, वर माती. बैलाचा पाय कणभर हलवायचा, कॅमेऱ्याचा खटका दाबायचा, परत कणभर हलवायचा. पडद्यावर एक सेकंद दिसायला अशी चोवीस चित्रं लागतात. ऊन बदललं की सावली बदलते, म्हणून वर वडिलांचं धोतर ताणून मी रोज सकाळी ठरावीक वेळेतच काम करायचो. दिवसाला एक सेकंद पदरात पडायचा.

पण माती वाळायची. चैत्राचं ऊन, अंगणात गरम वारा. बैलाला भेगा पडल्या की चाल बिघडायची, म्हणून मी त्याला ओलं फडकं गुंडाळून ठेवायचो आणि मधून मधून पाणी शिंपडायचो. रोजचं तांब्याभर पाणी. घरात प्यायला दोन घागरी यायच्या, त्याही आक्का नदीपात्रातल्या झऱ्यातून वाटीवाटीनं भरून आणायची. आमचा खरा बैल जनावरांच्या छावणीत होता. आई एक दिवस भडकली. "खऱ्या बैलाला पाणी न्हाय आन् मातीच्याला आंघूळ! शिकून डोस्कं फिरलंय ह्येचं."

खडी फोडायच्या कामावर आक्काच्या उजव्या अंगठ्यावर हातोडा बसला होता, म्हणून ती आठवडाभर घरीच होती. चिंधी बांधलेला हात मांडीवर घेऊन ती उंबऱ्यात बसायची आणि माझं काम बघायची. एकदा म्हणाली, "मागचा पाय उचलताना मान खाली जाती रं बैलाची." मला राग आला. राग यायचं कारण, ती म्हणत होती ते बरोबर होतं. मी मान खाली केली नाही.

विसाव्या दिवशी मी उस्मानाबादेला गेलो. मातीत ग्लिसरीन मिसळलं की ती ओली राहते, असं वर्गात ऐकलं होतं, आणि ते औषधाच्या दुकानातच मिळायचं. जाताना आक्काला बजावलं, फडकं ओलं ठेव आणि कॅमेऱ्याला हात लावू नकोस. पण परतीची एसटी बिघडली, मुक्काम करावा लागला. दुसऱ्या दिवशी दुपारी बाटली घेऊन मी अंगणात शिरलो तर धोतर खाली घडी करून ठेवलेलं, पाटावर बैलाच्या तारा उघड्या आणि मुंडकं बाजूला पडलेलं. कॅमेऱ्यापाशी आक्का.

"पाणी संपलं," ती म्हणाली. "प्यायचं ठिवलं, त्यातलं न्हाय घातलं. मग म्हटलं, बैल जातोच हाय तर जाताना तर दिसंल. नवी भेग पडली की एकदा दाबलं. डाव्या हातानं. धोतर लई फडफडत हुतं, म्हून काढलं."

मी तिला खूप बोललो. वीस दिवसांची माती केलीस म्हणालो. ती उठून आत गेली.

नवा बैल करायला वेळ उरला नव्हता. होती तेवढी फिल्म घेऊन मी पुण्याला गेलो. धुऊन आल्यावर मास्तरांनी ती सगळ्या वर्गासमोर लावली. माझा बैल वीस सेकंद चालला. बरा चालला, खेळण्यातला बैल चालतो तसा. मग एकदम आक्काचा भाग आला. ऊन सरळ अंगावर, बैल जागचा हलत नव्हता, पण त्याची सावली त्याच्याभोवती फिरत होती. पाठीवर एक भेग उमटली, ती पोटाकडं उतरली. कातडं सुटावं तशी माती सुटत गेली, आतल्या तारा बरगड्यांसारख्या वर आल्या. मान झुकली, झुकली आणि मुंडकं पडलं. सगळे मिळून पाच सेकंद. मी वीस दिवस ज्या भेगांना पाणी पाजून बुजवत होतो, तिनं त्यांनाच काम करू दिलं होतं.

"परत लावा," मास्तर म्हणाले. परत लावली. "हे कसं सुचलं तुला?"

आक्काचं नाव घ्यायला काय जात होतं माझं? पण अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. मी म्हणालो, "मी नव्हतो तेव्हा घरातलं कुणीतरी खटक्याशी खेळत बसलं होतं."

"मग त्या कुणीतरीला इकडं पाठव आणि तू घरी जा," मास्तर म्हणाले. वर्ग हसला. मीही हसलो. तो भाग कापून, माझे वीस सेकंद तेवढे ठेवून मी फिल्म दिली. पास झालो, पण पुढं कुणी त्या फिल्मचा विषय काढला नाही.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा आक्कानं विचारलं, "माझं ते आलं का रं?"

"धुरकट आलं," मी म्हणालो. "काही दिसतच नाही."

"असू दे," ती म्हणाली. "पाणी तर वाचलं."

पुढं मी शेतीवरच्या माहितीपटांना नकाशे आणि बाण हलवून द्यायचं काम करत राहिलो. पण आक्काचा तुकडा फेकला नाही. उलट परत माझ्या तुकड्याला जोडला आणि ते रीळ जवळ बाळगलं. अधूनमधून एकट्यानंच लावून बघायचो. माया म्हणून नव्हे. आपल्याला हे का जमलं नाही ते शोधायला, आणि दर वेळी पोटात तसंच दुखायचं. मी मातीचे, पिठाचे, वाळूचे किती प्रयोग केले. एकही त्याच्या जवळ गेला नाही.

दहा वर्षांनी ढोकीला साखर कारखान्याच्या सभासदांना ऊस लागवडीचा एक माहितीपट दाखवायला मला पाठवलं. आक्का लग्न होऊन आता ढोकीतच होती. तिचे मालक उसाचा ट्रॅक्टर चालवायचे. गोदामाची दारं बंद करून भर दुपारी पडदा लावला. माहितीपट संपला आणि आक्का बायकांच्या घोळक्यातून म्हणाली, "तुझा बैल दाव की रं. म्या कदी बगितलाच न्हाय."

नाही म्हणता येईना. रीळ पिशवीतच होतं. मी ठरवलं, वीस सेकंद झाले की मशीन बंद करायचं.

बैल चालायला लागला तशी पोरं ओरडली, बाया हसल्या. आक्का सगळ्यांना सांगत होती, "माझ्या भावानं केलाय." बैल दारापाशी आला आणि मी खटका दाबून मशीन थांबवलं. टाळ्या पडल्या.

आक्का उठून माझ्याजवळ आली. तिनं पडद्याकडं बघितलंच नाही, मशीनवरच्या चाकाकडं बघितलं.

"चाकावर अजून फिल्म हाय की," ती म्हणाली.

मी मशीन सुरू केलं.

सावली फिरली, भेगा पडल्या, तारा वर आल्या. मुंडकं पडलं तेव्हा पुढं बसलेल्या एका म्हाताऱ्यानं डोक्यावरचा पटका काढून मांडीवर ठेवला. आणि मी, इतकं झाल्यावरही, त्या पटक्याकडं बघत मनात म्हणत होतो की माझ्या बैलासाठी कुणी पटका काढला नाही.

पडदा पांढरा झाला. आक्का तशीच उभी होती. मग माझ्याकडं न बघता, कुणाला ऐकू जाणार नाही एवढ्या हळू म्हणाली, "धुरकट कुठं हाय रं?"